निऱ्यांवरचा हात

बसा पाव्हणं, एक गोष्ट सांगतो. माझी पोरगी इंद्रायणी पुण्याला युनिव्हर्सिटीत फॅशनचे फोटो काढायचं शिकून राह्यली. "साडी नेसायला कालेज लागतं का गं?" म्हणून म्या तिला लई हिणवलं.

दिवाळीत तिनं मेलेल्या मायचं लुगडं नेसलं. मळ्यात आम्ही दोघंच होतो. कॅमेरा तिनं लावला, बटन म्या दाबलं.

फोटो धुऊन आले. पहिल्यात निऱ्या बसवणारा एक हात दिसला. नुसता हात.

दुसऱ्यात तो पदरावर होता.

"माय नटवून राह्यली मला," पोरगी हसली.

तिसऱ्यात तो गळ्याशी.

तिच्या मायच्या हातावर गोंदण होतं. या हातावर न्हाई.

उद्या परीक्षेच्या फोटोला ती तेच लुगडं नेसणार. म्या फोनवर आडवलं, तर म्हणती, "बाबा, तुम्हाला माझं शिकणंच बघवत न्हाई."

पाव्हणं, तुम्ही आज पुण्याला चालले. तिला तेवढं नेसू देऊ नका.