हुंगायची खोड

वर्षालीला एक खोड होती आणि ती पार्बताबाईच्या डोक्यात जात होती. सून घरात जे हाताला येईल ते आधी नाकाला लावायची. दूध हुंग, ताक हुंग, कालची भाजी हुंग, पाण्याची बाटलीसुद्धा झाकण काढून हुंग. त्या दिवशी सकाळी पार्बताबाईनं भर अंगणात, शेजारणीच्या देखत सुनावलं, "कुत्र्यावानी काय हुंगून राहिली वं? माह्या घरात कोनी जहर नाही ठेवलं. आजपासून नाक खाली ठेवाचं."

वर्षालीनं मान खाली घातली. शेजारीण हसली. पार्बताबाईला बरं वाटलं.

दुपारी बाराच्या सुमाराला पार्बताबाई पदर खोचून न्हाणीत गेली. दर्यापूरकडच्या या खाऱ्या पट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. बादलीला, फरशीला, तोटीला पांढऱ्या खाराची खपली चढते. वर्षाली त्या खपलीवर लिंबाची सालं घासत बसायची. "लिंबानं दगड निंघते का कुठी?" म्हणून पार्बताबाई हसायची. सुनेला एकदा दाखवायचंच म्हणून तिनं काल बाजारातून, गाडीवाल्याकडून सुटं ॲसिड आणलं होतं. त्यानं पाण्याच्याच बाटलीत भरून दिलं. तिनं कोणाला न सांगता न्हाणीच्या दारामागं ठेवून दिली.

दारामागं बाटली नव्हती.

तिनं बादली सरकवली. घंगाळामागं पाहिलं. मग साद घातली, "वर्षाली! न्हानीतली बाटली कुठी हाय?"

"ते गोडं पानी होय ना, आत्याबाई? न्हानीत कोनं ठेवलं म्हनलं. मामाजीच्या डब्यासंग देली."

गोड पाण्याचा नळ आठ दिवसांनी येई. घरात बाटलीत भरलेलं असेल ते गोड पाणी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"हुंगली होती?"

वर्षाली न्हाणीच्या दारात आली. मग हळूच म्हणाली, "तुमीच त सकाळी नाही म्हनलं."

मामाजी म्हणजे पार्बताबाईचे यजमान उत्तमराव; ते डबा घेऊन वावरात गेले होते. उत्तमरावाचं नाक तपकिरीनं कधीचंच मेलं होतं. त्यांच्या नाकाखाली रॉकेल धरलं तरी पत्ता लागला नसता. तिनं वर्षालीला त्यांना फोन लावायला सांगितलं. तो ओसरीवरच्या फळीवर वाजला.

स्कूटीवर पार्बताबाई उभ्या जन्मात बसली नव्हती. आज बसली. वावराकडं जाणाऱ्या पांदणीतल्या ढेकळांवरून गाडी उडत होती आणि तिनं सुनेची कंबर दोन्ही हातांनी आवळली होती. वर्षाली काय झालं म्हणून विचारत होती. "ॲसिड हाय त्याच्यात," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

उत्तमरावाची एक जुनी रीत होती. वावरात पाणी प्यायच्या आधी पहिली धार धुऱ्यावर, म्हणजे बांधावर सोडायची, मातीला. त्यांचा बाप सोडायचा म्हणून तेही सोडायचे. चाळीस वर्षं पार्बताबाईनं त्यावरून तोंड वाजवलं होतं. परवा तर तिनं बजावूनच सांगितलं होतं, "आठ दिवसानं येते गोडं पानी. एक थेंब मातीत सांडान त उद्यापासून डबा नाही देनार."

तिच्या धाकानं घर चालत होतं याचा तिला फार ताठा होता. आता ती ओठातल्या ओठात एकच म्हणत होती, "आज नोका ऐकू. आज माह्यं नोका ऐकू."

हरभऱ्याच्या वावरात बाभळीखाली उत्तमराव आडवे पडले होते. तोंडावर दुपट्टा होता. बाजूला डबा, न सोडलेला. बाटली उघडी, चार बोटं रिती.

पार्बताबाई स्कूटीपाशीच थांबली. वर्षाली पळत पुढं गेली आणि तिनं दुपट्टा ओढला.

"काहून वं?" उत्तमराव उठून बसले. "काय झालं? दोघी काहून आल्या?"

"प्यालात का, मामाजी? पानी प्यालात का?"

"कायचं पानी? हे पाह्य." त्यांनी बाटली उचलून धुऱ्यावर धार सोडली. काळ्या ढेकळातले चुनखडीचे पांढरे खडे चरचरले, माती फसफसून फेसाळली आणि धूर निघाला. "पहिली धार सोडली त हे असं. म्या नाही लावलं तोंडाले. पान्याबिगर घास बी उतरत नाही, म्हून पडून राहिलो." मग बायकोकडं पाहून ते ओशाळले. "तू म्हनली होती सांडू नोका म्हून. पन हात ऐकत नाही वं माहा."

पार्बताबाई धुऱ्यावर बसली. फेस विरत होता, तो पार विरेपर्यंत पाहत राहिली.

"ही बाटली कोनं भरली?" उत्तमरावांनी विचारलं.

वर्षाली रडत होती. शिवी कधी येते म्हणून तिनं अंग चोरलं होतं.

"म्या आनली," पार्बताबाई म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून सुनेकडं वळली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत लावायला गेली, तो मध्येच चिरकला.

"वर्षाली, हुंगत जाय. दूध हुंग, पानी हुंग. अन् माह्या हातचं असन, त दोनदा हुंग."