मेंढरांवरचं पुस्तक

"मेंढरांवर पुस्तक लिवायचं म्हनून मेंढरंच इकायची. ह्येला म्हनत्यात शिक्षान!"

हरणाबाई चुलीपुढं पुटपुटली, पण भिंतीपलीकडच्या सुनेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. अपेक्षानं लॅपटॉपवरची मान वर केली नाही. नानासोंनी मात्र चहा अर्धाच ठेवला आणि ते रिकामा गोठा झाडायला निघून गेले. घरात फीचा विषय निघाला की हरणाबाईच्या नवऱ्याला गोठा घाण दिसायचा.

अपेक्षा कवठे महांकाळच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायची. डॉक्टरेट झाली तर कायम होणार, नाही झाली तर जूनपासून घरी बसणार. घरदार सोडून शहरात जाऊन शिकणं जमणारं नव्हतं, म्हणून तिनं ऑनलाइन विद्यापीठ धरलं. विषय घेतला मेंढपाळ बायकांचा. हरणाबाईला आधी भारी वाटलं. उभा जन्म मेंढरांमागं गेला, आता तो छापून येणार! मग फी सुरू झाली. प्रवेशाची फी, गाइडची फी, परीक्षेची फी, आणि फी भरायला उशीर झाला त्याची फी. मेंढरं गेली, अपेक्षाची स्कूटी गेली, शेवटी दिवाळीत दिग्विजयही गेला, साताऱ्याला, वाचमनच्या नोकरीवर.

दिग्विजय हरणाबाईचा एकुलता एक. बरीच वर्षं लखनौला सोनं-चांदी गाळायच्या दुकानात होता. तिथून आला तो कुत्र्यालाही 'आप बैठिए' म्हणायची सवय घेऊन. असल्या मऊ तोंडाच्या माणसाला वाचमन कुणी केलं, याचं तिला नवलच वाटायचं.

पण तिचं खरं दुखणं फी नव्हतं. दुखणं होतं फीचा फोन.

रोज दिवेलागणीला विद्यापीठाच्या वसुलीवाल्याचा फोन यायचा. सुरुवातीला अपेक्षाचा चेहरा पडायचा. "हो साहेब. नाही साहेब. पुढच्या महिन्यात नक्की." दिवाळीनंतर मात्र काय झालं कोण जाणे, फोन वाजला की ती आधी केसांवरून हात फिरवायची आणि मग उचलायची. "साहेब, तुम्ही जेवलात का?" एकदा तर चक्क हसली. फी मागणाऱ्याशी! हरणाबाईच्या हातातली भाकरी थापता थापता फाटली.

आणि परवा कहर झाला. "चटणी पोचली का साहेब? तिखट नाही ना झाली?"

शेंगदाण्याची ती चटणी हरणाबाईनं स्वतः कुटली होती, लेकासाठी. बरणी एसटीनं साताऱ्याला धाडायचं काम तेवढं सुनेकडं होतं. म्हणजे लेकाच्या नावानं कुटायची आणि खाणार भलताच!

"आवं, ऐकलं का?" तिनं नवऱ्याला गाठलं.

"काय?"

"चटणी."

"लय झ्याक झाली हुती," म्हणून नानासोंनी खराटा उचलला.

शनिवारी दिग्विजय घरी आला. घसा पार बसलेला. हरणाबाईनं त्याच्या हातावर ज्येष्ठमधाचा तुकडा ठेवला.

"वाचमनला येवढं वरडाय लागतं व्हय रं?"

"लागतं कवा कवा."

"आन् केसात ह्यो वळ कसला? ह्या कानापासनं त्या कानापातूर?"

"टोपीचा."

असली कसली टोपी, असं तिच्या मनात आलं. पण आज टोपीपेक्षा मोठं काहीतरी विचारायचं होतं. अपेक्षा परड्यात गेल्याचं बघून ती जवळ सरकली.

"तुजी बायको रोज कुनाबर बोलती, ठावं हाय का तुला?"

दिग्विजयनं ताटातली नजर उचलली नाही. "फीचा फोन असतोय, आये."

"फीचाच न्हवं."

"मला ठावं हाय समदं. तू तिला कायबी बोलू नगंस." आणि त्यानं ताटातली चटणी बोटानं पुसून खाल्ली.

पोराला ठाऊक आहे आणि पोरगं गिळून बसलंय! बाप गोठ्यात, लेक ताटात, आणि सून फोनात. घर मोडायला निघालंय आणि बोलत मात्र कुणीच नाही.

सोमवारी दिवेलागणीला अपेक्षा वाळलेले कपडे काढायला माडीवर गेली होती. फडताळावरचा फोन वाजला. हरणाबाईनं हात पदराला पुसले, हिरवं बटण सरकवलं, आणि पलीकडच्याला 'नमस्कार'सुद्धा पुरा करू दिला नाही.

"कोन हायस रं मुडद्या तू? माजी चटनी खातूस आन् माज्याच सुनंशी ग्वाड बोलतूस? तिला नवरा हाय! तिच्या फीपायी तकडं साताऱ्यात गेटावर हुबा ऱ्हातूय लेक माजा. फी पायजे न्हवं तुला? मग फीचं बोल, आन् माज्या सुनंचा नाद सोड!"

गोठ्यातला खराटा थांबला. जिन्यावरून कपड्यांचा ढीग घेऊन अपेक्षा धावत खाली आली. "आत्या, नको! ठेवा तो फोन!"

"का ठिवू? आज बोलनार हाय मी!"

फोनमध्ये कुणीतरी खाकरलं. आणि मग बसलेल्या घशातून, अगदी हळू आवाज आला.

"आये, जरा दमानं. हितं समदं बोलनं रेकॉर्ड हुतंय. ही नोकरी ग्येली, तर तिची फी कुठनं भरू?"