बर्थाची काच

वस्तऱ्याखालून काप पुन्हा चुरगळूनच आला. हिलरीने तो कुंचल्याने झटकला आणि यंत्राचा दांडा सोडून दिला.

बावन्न सालचा मे महिना. वसईच्या उकाड्यात मेण कुणाचं ऐकतं? मिशनच्या इस्पितळामागच्या त्या खोलीत माणसाच्या मांसाचे तुकडे मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचेवर चिकटवून रंगवायचे, हे त्याचं रोजचं काम. आजचा तुकडा मात्र बर्थाचा होता. त्याच्या बायकोच्या छातीतल्या गाठीचा.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर गुरुदत्तांनी तो काढला होता. "गाठ सुपारीसारखी लागतेय," ते म्हणाले होते. "वाईट निघाली तर लगेच सगळी काढू. वेळ घालवला तर हातची जाईल." तोवर खोलीची किल्ली घेऊन सिस्टर गेली होती. हिलरीने औषधात बुडवलेला तुकडा बाटलीसकट घरी आणला आणि आल्ताराखाली ठेवला. देवापाशी कुणाचा हात जाणार नव्हता.

रविवारी भावाच्या, पॉलच्या, पोराचा बाप्तिस्मा. सकाळी अंगणात डुक्कर कापलं. बर्था झग्याखालची पट्टी सावरत चहा देत फिरत होती. आय लसूण सोलत होती, पण डोळे आल्ताराकडे.

"डॉक्टरने काढताना बघितलं ना? मग अजून काय बघायचं राहिलं?" तिने विचारलं.

"मी दाखवीन तेव्हा दिसेल त्याला."

"आणि मग त्या तुकड्याचं?"

"उरलेला जाळून टाकतो."

"माणसाचा?"

"मग काय कोंबडीचा? एवढासा तर तुकडा, आय. बर्था आहे की इथं आख्खी."

"आयला नको शिकवू." ती पुन्हा लसणाकडे वळली आणि गुणगुणू लागली:

*केळीचं फाटलं पान, वारा शिवून देईना*
*अशी माझी सूनबाई, कुणा तोडू मी देईना*

"सासू माझ्यावर गाणी रचतेय," बर्था हसली. "आता माझं काही खरं नाही."

दुपारी चर्चमधून सगळे परतले, आय मागे राहिली. "आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्ती लावून आले," येताच म्हणाली आणि पंगतीला वाढू लागली.

सोमवारी हिलरीने बाटली उघडली. त्या औषधात मांस आखडून कडक होतं. हा तुकडा मऊच होता, बोटांना ओशट. सुपारी कुठली, लोणीच. हिलरीच्या काळजात पणती लागल्यासारखं झालं. चरबी असेल, नुसती चरबी. देवा, नुसती चरबीच असू दे.

पण चरबीत मेण मुरत नाही. त्याने तुकडा स्पिरिटात जास्त ठेवला, मेण पुन्हा बदललं, तरी काप चुरगळत होते. शेवटी तो नायगावच्या कोळणीकडून मासळीच्या टोपलीतला बर्फ घेऊन आला. बर्फ मेणाच्या वडीवर धरला, वस्तरा चामड्यावर घासला, दांडा श्वासाच्या लयीत फिरवला.

काप आला. जाईच्या पाकळीसारखा. कोमट पाण्यावर सोडला तशा त्याच्या सुरकुत्या एकेक करून सुटल्या. काचेवर त्याने अंड्याचा पांढरा बलक पुसला. अंडं बर्थाच्याच कोंबडीचं होतं. आयुष्यात इतकी देखणी काच त्याने केली नव्हती.

डॉक्टर गुरुदत्त बराच वेळ भिंगावर वाकून होते.

"नुसती चरबी. रिकाम्या जाळ्या, कोळ्यांनी वाळत घातल्यासारख्या."

"वाईट काही?"

"काही नाही." पण ते उठले नाहीत. "हिलरी, मला ती कडक लागली होती. माझा चिमटा बाजूला पडला असेल. बर्थाला परत आण. अजून एक तुकडा घेऊ."

घरी बर्थाने ऐकलं आणि तिचा हात पट्टीवर गेला.

"परत कापायचं?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हांला काय वाटतं? तुम्ही सांगाल तसं."

हिलरीला ती काच आठवली. कुठे सुरकुती नाही, कुठे बुडबुडा नाही.

"डॉक्टरचं बोट चुकेल," तो म्हणाला. "माझ्या हातची काच खोटं बोलत नाही."

बर्थाने पट्टीवरचा हात काढला. ती डॉक्टरांकडे परत गेली नाही. आयने आल्तारावर मेणबत्ती लावली, पदराने डोळे टिपले. "देवाने ऐकलं गो बाय माझं," ती म्हणाली.

नाताळापर्यंत गाठ काखेत पोचली. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि हिलरीकडे न बघता हात धुतले. मोहोर गळायच्या आत बर्था गेली.

कबरस्तानात खड्डे खणणारा ॲन्सेल्म कुदळ घेऊन उभा होता. हिलरीने बापाच्या कबरीशेजारची जागा दाखवली.

"तिथं नको," आय म्हणाली. "त्या भिंतीशी खण, चाफ्याखाली."

"का, आय?"

"तिथं तिचाच तुकडा आहे, पोरा. बाप्तिस्म्याच्या दिवशी मीच पुरला, मेणबत्ती लावून. तू जाळणार होतास ना? शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा माझी सून आख्खी उठू दे." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बाटली रिकामी दिसली तर तू ओरडशील, म्हणून तिच्यात डुकराच्या चरबीचा तुकडा टाकून ठेवला होता मी."