बुधरीबाईचा खांदा

"हात ठेवा," बुधरीबाई म्हणाली आणि लटारूनं आपला हात तिच्या खांद्यावर ठेवला. त्याच्या पाठीवर अंजनाबाईचा हात, तिच्यामागे बाकीचे. म्हाताऱ्यांची ही आगगाडी रोज संध्याकाळी अंधाऱ्या बोळातून जेवणाच्या खोलीकडे निघायची.

गडचांदूरच्या बाहेरच्या त्या वृद्धाश्रमात बोळ लांब आणि खिडकी एकच. तिच्या काचेवर सिमेंटच्या धुळीचा असा थर बसला होता, की दिवसाही उजेड आत यायला लाजायचा. बल्ब होता, पण तो स्वतःपुरताच जळायचा. आणि मध्येच एक पायरी.

पोळ्याच्या सुमारास बापूराव त्याच पायरीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. आश्रमाचा नियम साधा होता: ज्याला आपलं आपण उरकता येतं, तोच इथं राहील. बापूरावांना दवाखान्यातून परस्पर पुतण्याकडे पाठवलं. तिथं त्यांची खाट गोठ्यात टाकली आहे, अशी खबर आली, तेव्हापासून लटारू बोळात एकटा पाऊल टाकेना. त्याला तर गोठा असलेला पुतण्याही नव्हता.

लटारूची हयात जिनिंगवर कापसाचा काटा सांभाळण्यात गेलेली. गाडीकडे नुसतं पाहून तो सांगायचा, माल कोरडा किती आणि पाणी मारलेला किती. माणसंही तो तशीच जोखायचा आणि आपलं माप चुकत नाही, याची त्याला खात्री होती. मॅनेजर प्रफुल म्हणजे आवाज मोठा, छाती लहान. अंजनाबाईची दुखणी पुष्कळ, त्यातलं खरं एकच: मुलगी फोन करत नाही. आणि बुधरीबाई भामरागडकडची, जंगलातली. तिला अंधारात दिसतं.

"मोहफुलं वेचाले ह्या बाया झुंजुरकाच, अंधारातच निघतात," तो बाकीच्यांना समजावून सांगायचा. "लहानपणापासून तेच. आपले डोळे लाइटनं खराब केले."

सगळ्यांना हे पटलं होतं. बुधरीबाई यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

तिचं बाकीचं मापही लटारूनं काढून ठेवलं होतं. समोरचा तोंड उघडायच्या आत ती त्याचं नाव घ्यायची. ते शिकारीच्या मुलखातले कान. चहा ओतताना पेल्यात बोट बुडवायची. अंजनाबाई नाक मुरडायची, लटारू म्हणायचा, जाऊ द्या, रानातली रीत. अंगण झाडायला, भांडी घासायला सगळ्यांच्या पुढं, पण तांदूळ निवडायला सूप दिलं, की ते हळूच शेजारणीकडे सरकवायची. तेवढी चुकार. हा एक दोष सोडला, तर बाई सोन्याची होती. तिच्या खांद्याच्या आधारानं बोळातून गेलेलं कुणी आजवर पडलं नव्हतं.

मग एकदा ती तापानं निजली. त्या संध्याकाळी कुणाचंही बोळात पाऊल टाकायचं धाडस होईना. अंजनाबाई एकटीच निघाली आणि पायरीवर आपटली. नशीब, गुडघा सोलण्यावर भागलं. लटारूनं तिला हळद लावून दिली आणि प्रफुलपासून लंगडणं लपवायला शिकवलं. मग तो स्वतःच ऑफिसात गेला.

"साहेब, लाइट लावा आता. उद्या बुधरीबाईले काई झालं, तर आम्ही सारे लुळे."

"ट्रस्टले कळवलं हाये, भाऊ."

"बापूराव पडले, तवाबी कळवलंच होतं न तुमी."

प्रफुलनं कागदांत डोकं घातलं. दुसऱ्या दिवसापासून लटारूनं सगळ्यांना दिवस मावळायच्या आत ताटं घेऊन ऑफिसात नेऊन बसवलं. प्रफुलच्या टेबलावर वरण सांडलं, खुर्चीला भाताची शितं चिकटली, फोनच्या बटणांवर लोणच्याचं तेल आलं. आठवडा उलटायच्या आत ट्रस्टला जाग आली आणि बोळात लाइट मंजूर झाले.

बातमी सांगायला लटारू आधी बुधरीबाईकडे गेला. ती उन्हात बसली होती.

"लाइट काऊन?" तिनं विचारलं.

"काऊन म्हंजे? तुमालेच आराम. रोज आमचं ओझं वाहून राह्यल्या तुमी."

"मले ओझं नाई होत, भाऊ," ती एवढंच म्हणाली.

लटारूनं जोखलं: मान जाणार म्हणून रुसली. माणूस आहे, चालायचंच. उद्घाटनाला तिलाच पुढं घालू, म्हणजे रुसवा जाईल.

वायरमन दुपारी आला. त्यानं बोळभर ट्यूबलाइटच्या पट्ट्या ठोकल्या, संध्याकाळी बटण दाबलं, आणि बोळ असा उजळला, की म्हाताऱ्यांनी डोळे चोळले. भिंतीची ओल दिसली, पायरीची कड दिसली. अंजनाबाईला आपल्या लुगड्यावरचा डाग दिसला आणि ती ओशाळली. टाळ्या पडल्या. वायरमननं शिडी उतरवून जमिनीवर आडवी टाकली आणि प्रफुलबरोबर चहाला गेला.

नेहमीच्या वेळेला बुधरीबाई खोलीतून बाहेर आली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हात ठेवा."

सगळे हसले. एवढ्या दिवसांची सवय, बाईला सुटेना.

"आता कोणाचा हात नाई, बाई," तो म्हणाला. "आज तुमी एकट्या पुढं चला, राणीवानी. आम्ही मागं हाओत."

तिनं जरा मान वळवली, काहीतरी विचारायचं असल्यासारखी. मग पदर खांद्यावर नीट केला आणि निघाली. मागून अंजनाबाईनं पुन्हा टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी साथ दिली.

पायरीच्या अलीकडे शिडी आडवी पडली होती, लख्ख उजेडात, पिवळीधमक. ती सगळ्यांनाच दिसत होती, म्हणून कुणी काही बोललं नाही.

बुधरीबाई नेहमीच्या चालीनं, मान ताठ ठेवून, उघड्या डोळ्यांनी सरळ तिच्यावर चालत गेली.