आत वळवणारी ओळ

"ताई, तुम्ही रोज फोन केलात म्हणून माझं उत्तर बदलणार नाही," हॉस्पिटलचा नेटवर्कवाला म्हणाला.

"उत्तर नका बदलू. एक ओळ बदला."

तिने बोलता बोलता पुन्हा हॉस्पिटलचं पान उघडून पाहिलं. पांढरंफटक. वर चक्र गरगरत होतं, तेवढंच.

गावाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत ती होती. ग्राहकांना द्यायचे इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आकडी नंबर, पुरेनात म्हणून कंपनीने नवे नंबर घेतले, आजवर कोणालाच न दिलेले, आणि तिथेच घोडं अडलं. जागोजागच्या नेटवर्कवर वर्षानुवर्षांचे फिल्टर बसलेले. त्यांच्या लेखी हे नंबर कोणाचेच नव्हते. तिथून येईल तो भामटा. बँका झाल्या, कॉलेजं झाली, कचेऱ्या झाल्या, एकेकाच्या नाकदुऱ्या काढून तिने ते उतरवून घेतले होते. हॉस्पिटल तेवढं बधत नव्हतं.

आणि बाबा नेमके तिथे होते. दूरच्या शहरात, अतिदक्षता विभागात. आत कोणाला सोडत नव्हते; ती एकदा जाऊन बंद दारावरून परत आली होती. नातेवाइकांना दुपारी इंटरनेटवर कॅमेऱ्यातून पेशंट दाखवत. इतर गावांत ते पान उघडायचं, इथे नाही. मोबाइलचे टॉवरसुद्धा हिच्याच कंपनीच्या तारेवर. आईचे गुडघे गेलेले, प्रवासाचं नाव नको.

"एवढी तू इंटरनेटवाली," आई म्हणायची, "आणि मला त्यांचं तोंड दाखवता येत नाही तुला?"



"हे बघा," नेटवर्कवाला म्हणाला, "फिल्टरमधली ही ओळ माझ्या आधीच्या माणसाने घातलीय. या नंबरांसाठीचं काहीही बाहेर सोडायचं नाही, आतच वळवायचं. का, ते तो सांगून गेला नाही. आमचं आतलं एखादं मशीन त्याच नंबरांवर चालत असलं तर?"

"कोणाचे नाहीत म्हणून कोणी वापरत बसलं असेल, तर चूक त्याची. आता ते आमचे आहेत."

"मला सोमवारपर्यंत वेळ द्या. शोधतो."

"डॉक्टर सोमवारची खात्री देत नाहीयेत."

तिने फोन ठेवला आणि थेट त्याच्या मोठ्या साहेबांना तक्रार लिहिली. कालबाह्य फिल्टर, नातेवाइकांची अडवणूक, जबाबदारी कोणाची, सगळं लिहिलं. कोणाच्या पोटावर पाय येईल, हा विचार आला आणि गेला. तिला खरंच फरक पडत नव्हता.

मग वॉर्डात फोन लावला.

"आहे तसंच आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्ही बिनघोर राहा. सगळ्या बेडच्या मशीनचे निरोप आमच्या टेबलावर येतात. जरा कमीजास्त झालं की घंटा वाजते, आम्ही धावतोच."

बिनघोर राहा म्हणे. तिने घरून आणलेला डबा तसाच मागे सारला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर नेटवर्कवाल्याचा निरोप आला. 'ओळ काढली आहे. साहेबांचा हुकूम.' पुढे नमस्कार नाही, काही नाही. रागावला होता. रागावू दे.

तिने पान उघडलं. उघडलं. पासवर्ड टाकला, बेड सात निवडला, आणि बाबा दिसले. नळ्या, पांढरी चादर, वाढलेली दाढी. पण बाबाच. एका वेळी एकालाच पाहता यायचं; तिने आपलं पान मिटलं आणि फोनवरून आईला घरचा कॉम्प्युटर लावायला सांगितलं.

ते दिसताच आई म्हणाली, "किती वाळलेत गं." आणि रडायला लागली. हिचा जीव भांड्यात पडला. ती पण रडली, टेबलाखाली वाकून, चप्पल शोधल्यासारखं करत.

कोपऱ्यातलं मशीन टिकटिकलं. नव्या नंबरांपैकी जे अजून कोणाला दिले नव्हते, त्यांवर येईल ते सगळं तिने त्या मशीनकडे वळवून ठेवलं होतं. बहुतेक कचराच यायचा. आज एकसारखं एकाच पत्त्यावरून येत होतं, आणि तो पत्ता तिला पाठ होता. हॉस्पिटलचा.

चाचणी घेतोय बिचारा, तिला वाटलं. रागावलाय, पण काम चोख. आपण जरा जास्तच बोललो. टिकटिक थांबेना, तेव्हा तिने मशीनचा आवाज बंद केला आणि त्याला लिहिलं, 'तुमचे चाचणीचे निरोप पोचताहेत. आभार. आता थांबवलेत तरी चालेल.'

"अगं बघ, बघ," आई फोनवर म्हणत होती. "हात हलवताहेत. मला बोलावताहेत गं."

"त्यांना आपण दिसत नाही, आई."

"तुला काय कळतंय? चाळीस वर्षं संसार केलाय मी." आई रडता रडता हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बघ की, कसे जोरात हलवताहेत."

ती ऐकत राहिली. आईला हसू दे जरा.

"आता निजले वाटतं," थोड्या वेळाने आई हळू आवाजात म्हणाली, झोपमोड होऊ नये अशा बेताने. "कसे शांत निजलेत. तू केलंस हो पोरी. देव तुझं भलं करो."

नेटवर्कवाल्याचं उत्तर आलं. 'कसली चाचणी? मी काहीही पाठवत नाहीये.'

तिने आईला थांबायला सांगितलं, कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेली आणि आलेल्यांतला सर्वांत वरचा निरोप उघडला.

'प्रति: वॉर्डाचं टेबल. बेड सात. श्वास अडला आहे. ताबडतोब या.'