दोन्हीकडचा आकडा

आकडे जुळले नाहीत, आणि जिनेंद्रला पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

ट्रॅक्टरमागे उसाची ट्रॉली जोडायच्या हुकाची दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी होती. चेसीवर आठ बोल्टांनी आवळलेला एकच हूक. डावीकडं कोपरा लालभडक, ताण दोनशे बारा. ते जिनेंद्रनं हातानं भरलेलं मॉडेल. उजवीकडं तोच कोपरा पिवळा, एकशे अठ्ठेचाळीस. ते सोनियाच्या प्रोग्रॅमनं आणलेलं.

पुण्याची कंपनी एका सॉफ्टवेअरवर काम करायची, कुपवाडचं हे ऑफिस दुसऱ्यावर. पुण्याहून मॉडेल यायचं ते नुसतं अंग घेऊन. कुठला बोल्ट कुठं पकडतो, ओढ कुठून बसते, हे सगळं वाटेत गळून जायचं. ते एकेक करून पुन्हा भरायचं आणि आलेले आकडे पुण्याच्या सॉफ्टवेअरला कळतील असे मांडून परत धाडायचे, हे काम अकरा वर्षं जिनेंद्रचं. दोन दिवस लागायचे. त्या दोन दिवसांत मालक भाऊसोसुद्धा त्याच्या टेबलापाशी हळू बोलायचे. आणि जतहून आलेल्या, नोकरीत अजून वर्षही न भरलेल्या सोनिया नावाच्या पोरीनं असा प्रोग्रॅम लिहिला, की तेच काम चहा गार व्हायच्या आत होऊ लागलं. तेव्हापासून जिनेंद्रच्या पोटात दुखत होतं. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. तो जळत होता.

आधी दुपारी दोघं एकत्र जेवायची. त्याच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, म्हणून ती शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी त्याच्यासाठी वेगळ्या डबीत आणायची. पंधरा दिवस झाले, काम आहे असं सांगून तो आपल्या टेबलावर एकटाच जेवत होता.

"भाऊसो, जरा हिकडं या की," त्यानं हाक मारली. चारही टेबलांना ऐकू जाईल अशी.

भाऊसो आले. लेथवर काम करून वर आलेला माणूस. आकड्यांपेक्षा त्यांचा माणसावर भरवसा. "काय झालं रं?"

"चारला पुण्याला रिपोर्ट जायचाय. ह्यो माझा कोपरा, लाल. ह्यो तिचा, पिवळा. एवढा ताण मधल्या मधी गेला कुठं? प्रोग्रॅमनं कायतरी खाल्लंय. असला हूक भर रस्त्यात तुटला, तर मागची ट्रॉली कुणाच्या अंगावर जाईल?"

सोनिया उठून आली. तिनं माऊस हातात घेतला, आधी आपलं मॉडेल फिरवलं, मग त्याचं. बोल्ट एकेक करून बघत गेली. त्याच्या मॉडेलच्या खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टावर बाण थांबला. जरा जास्तच थांबला. मग तिनं माऊस सोडला.

"माझंच कायतरी सुटलं असंल," ती भाऊसोंना म्हणाली. "बघते मी."

"मग तुझं सध्या बंद ठेव. जिनू दील त्योच आकडा जाऊ दे," म्हणून भाऊसो केबिनमध्ये गेले.

जिनेंद्र खुर्चीत रेलला. अकरा वर्षांची खुर्ची आज पुन्हा आपली झाली, असं त्याला वाटलं. रिपोर्टला कोपऱ्याचं मोठं चित्र हवं होतं, म्हणून त्यानं मॉडेल फिरवलं, आणि खालचा बोल्ट समोर आला. सात बोल्टांना पकड दिलेली होती. ह्याला द्यायची राहून गेली होती. बाण थांबला होता तो इथंच.

त्यानं पकड दिली आणि पुन्हा गणित चालवलं. एकशे अठ्ठेचाळीस.

म्हणजे तिला कळलं होतं. सगळ्यांसमोर एका वाक्यात तिला त्याला आडवं करता आलं असतं, आणि तिनं केलं नाही. हे त्याला प्रोग्रॅमपेक्षाही जास्त लागलं. एवढा मोठेपणासुद्धा तिलाच जमावा?

तरी तो उठला. सांगून टाकायचं, असं मनाशी धरूनच कागद घेऊन केबिनमध्ये गेला. भाऊसो फोनवर होते.

"भाऊसो, एक बोल्ट पकडायचा राहिला हुता. आता दोन्हीकडं सारखाच आकडा येतोय."

भाऊसोंनी फोनवर हात ठेवला. "तिचा राहिला हुता व्हय?"

काचेपलीकडं सोनिया डबा उघडत होती. खरं उत्तर जिनेंद्रच्या अगदी ओठावर आलं होतं.

"व्हय," तो म्हणाला.

"वाटलंच मला. तुझी नजर हाय म्हणून भागतंय, गड्या. तिचं ते बंदच राहू दे." आणि भाऊसो परत फोनवर बोलू लागले.

तो बाहेर आला, तर सोनियानं आपल्या टेबलापाशी त्याच्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली.

"दादा, तुमी आत जाऊन सांगितलं न्हवं?" ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मला ठावं हुतं, तुमी सोता सांगणार. म्हणून तर मी गप बसले."

जिनेंद्र खुर्चीवर टेकला. "व्हय," तो म्हणाला.

तिनं अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढं ठेवली. मग पिशवीच्या तळातून ती छोटी डबी काढली. पंधरा दिवस तो फिरकला नव्हता, तरी डबी रोज येतच होती. त्यानं घास चटणीला लावला आणि तोंडात घातला. चटणीत लसूण नव्हता.