लाडूबाईची बडदास्त

“जावईबापूंनी खाल्लं का काही?” झाडलोट करणाऱ्या मामांनी दारातूनच विचारलं.

“छे! तोंड फिरवतात,” ताई म्हणाली. “बायकोपासून लांब ठेवलंय ना, रुसलेत.”

जावईबापू म्हणजे हिरवागार झाडसाप. बिनविषारी, जन्मभर फांदीवर राहणारा. शेजारच्या पेटीत त्याची बायको, लाडूबाई. जंगल तुटल्यावर या जातीचे मोजकेच साप उरले होते. पिल्लं व्हावीत आणि वाचलेल्या रानात सोडता यावीत, म्हणून ही जोडी सर्पालयात ताईच्या देखभालीखाली आणली होती. या जातीत मादी थोराड असते, त्यामुळे दोघांत बायको कोण यावर कुणी वादच घातला नव्हता. ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. तीही विटकरी रंगाची; हिरवा रंग मागाहून चढतो.

दोघांचं जमलं, शेपट्या गुंतल्या, आणि लाडूबाई दिसामाशी फुगू लागली. ताईला आभाळ ठेंगणं झालं. लाडूबाईला निवांतपणा हवा म्हणून तिने जावयाला वेगळं काढलं. लाडूबाईला मागेल तेव्हा खाणं, पाण्याचा फवारा, काचेवर पडदा. जावई बिचारा दिव्याखाली घट्ट वेटोळं घालून पडलेला.

“माझ्याकडे कधी इतकं बघतेस का?” घरी नवरा कुरकुरायचा.

“तू फांदीला लोंबकळ, मग बघते!”

साहेबांनी मात्र बजावलं होतं, या हंगामात पिल्लं झाली नाहीत तर जोडी दुसऱ्या सर्पालयात जाईल.

हंगाम सरत आला. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आल्या. लाडूबाईच्या पोटावरून त्यांनी ते सावकाश फिरवलं, परत फिरवलं.

“ताई, पोटात काही नाही गं. नुसती चरबी आहे. लाड जरा जास्तच झाले.”

ताईने काचेवरचा पडदा काढून घडी घातला. साहेबांनी प्रवासाची खोकी मागवली.

“आधी जावयाला ठेवते,” ती कशीबशी म्हणाली. “लाडूबाईला शेवटी.”

तिने पेटीचं दार उघडलं आणि हात तसाच राहिला.

“मामा! डॉक्टर! अहो, धावा!” ती रडतेय की हसतेय, कुणाला कळेना.

दिव्याखालच्या फांदीवर पेन्सिलीएवढी विटकरी पिल्लं शेपटीने लोंबकळत होती. जावईबापू बाळंत झाले होते.